जहाजातली शेवटची खोली

जहाजाचं वरचं अर्धं चित्र कॉम्प्युटरवर उतरलं होतं आणि खालचं अर्धं टेलिफोनच्या तारेतून यायचं होतं, तेवढ्यात गणपतराव दुकानात शिरले. गणपतराव म्हणजे मार्केट यार्डातले शेजारचे गुळाचे अडते. दुकानमालक बसलिंगाप्पांनी माऊसवरचा हात काढला आणि आधी चहा सांगितला.

"ह्ये काय म्हणायचं?" गणपतरावांनी पडद्याकडं बघत विचारलं.

"जहाज."

"बुडालंय काय? वरचंच तेवढं दिसतंय."

"येतंय खालचं. बसा की."

गणपतराव बसले. चहा आला. मग बसलिंगाप्पांनी हे जहाज दुकानात कशासाठी आणलंय ते पहिल्यापासून सांगितलं. कोल्हापुरात घरी-दारी आलेल्या माणसाला चहा आणि अख्खी हकीकत दिल्याशिवाय उठू देत नाहीत. अर्धी हकीकत सांगून माणूस घालवायचा म्हणजे अर्ध्या ताटावरनं उठवल्यासारखंच ते.

हकीकत अशी. बसलिंगाप्पांची लेक रक्षिता पुण्याला दिलेली. तिच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला बसलिंगाप्पा आणि त्यांची बायको शांतव्वा पुण्याला गेले होते. तिथं व्याही प्रभुलिंग यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं की एप्रिलात ते दोघं नवरा-बायको मुंबईहून जहाजानं लक्षद्वीपला चाललेत. हंगामातली शेवटची फेरी. मग ते बसलिंगाप्पांकडं वळून म्हणाले, "तुम्हीही चला ना. पण हे सगळं इंटरनेटवरच असतं, तुम्हाला कोल्हापुरातून काही जमायचं नाही. तुमचे कागद माझ्याकडे पाठवून द्या. आमचा पुण्याचा एजंट करून देईल."

प्रभुलिंग हे अगदी मनापासून म्हणाले, आणि तेच जास्त लागलं. टोमणा असता तर हसून सोडून देता आला असता. मायेनं केलेली कीव कुठं सोडायची? बसलिंगाप्पा मुलीचे बाप. लग्न झाल्यापासून व्याह्यांपुढं त्यांच्या तोंडून "व्हय व्हय" आणि "बरोबर हाय" एवढंच बाहेर पडलेलं. पुण्याचं पाणी गोड? बरोबर हाय. कोल्हापूरकर फार तिखट खातात? व्हय व्हय. त्या दिवशी मात्र त्यांनी ताट खाली ठेवलं आणि यार्डात सौदा पुकारतात तशा आवाजात सांगितलं, "कागद-बिगद काय न्हाय. कोल्हापुरात बसून, एजंटाबिगर, पुढच्या रविवारपर्यंत तिकीट काढतो. भेटू जहाजातच."

रक्षितानं आईकडं बघितलं. शांतव्वांनी छताकडं बघितलं.

"आता न्हाय निघालं तर?" सगळं ऐकून गणपतरावांनी विचारलं.

"न्हाय निघालं तर कागद पुण्याला धाडायचं, आन् जल्मभर व्हय व्हय म्हणत बसायचं."

हे बोलून बसलिंगाप्पा पडद्याकडं वळले. जहाज पूर्ण आलं होतं, पण त्याच्यावर एक पाटी चढली होती. वीरेशनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, गुळाचे भाव बघण्यापुरतं कॉम्प्युटर शिकवलं होतं, त्या जोरावर त्यांनी ती वाचली. तुमची वेळ संपली आहे, कृपया पुन्हा सुरुवातीपासून सुरू करा.

"म्हणजे ऊठ म्हणतोय आपल्याला," बसलिंगाप्पा म्हणाले. "पावणं दारात हाय, चहा प्यालालाय, आन् ह्यो म्हणतोय ऊठ."

दोन हजार पाच साल होतं. दुकानातलं इंटरनेट टेलिफोनवरनं चालायचं. ते चालू असलं की फोन बंद आणि फोन चालू असला की ते बंद. मोबाईल वीरेशकडं होता. बसलिंगाप्पांना ती चीज मान्य नव्हती. ज्याला काम असेल तो दुकानात येईल, अशी त्यांची रीत.

मंगळवारी त्यांनी पुन्हा सुरुवात केली. फेरी निवडली. पडद्यावर आलं, एकच खोली शिल्लक. बसलिंगाप्पांनी एका बोटानं टकटक करत त्या खोलीवर हात मारला. वेबसाईट म्हणाली, खोली पंधरा मिनिटं तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. त्यांनी नावं भरली, जन्मतारखा भरल्या, मतदार कार्ड खिशातनं काढून त्याचा नंबर भरला, आणि पुढच्या रकान्यापाशी येऊन थबकले. आपलं शहर. त्यात लिहायला जागा नव्हती. यादी उघडायची आणि त्यातलं एक निवडायचं.

यादीत मुंबई होतं. पुणे होतं. नागपूर, नाशिक, बेळगाव होतं. बसलिंगाप्पांनी यादी वरनं खाली नेली, खालनं वर आणली. मग चष्मा पुसून परत एकदा बघितली.

"गणपतराव," त्यांनी भिंतीपलीकडं हाक मारली. "जरा या की इकडं."

गणपतराव आले. दोघांनी मिळून यादी वाचली.

"सांगली हाय," गणपतराव हळू आवाजात म्हणाले.

"बगितलं म्या."

"सांगली हाय आन् कोल्हापूर न्हाय?"

गणपतरावांनी माऊस घेऊन यादी स्वतः एकदा वरनं खाली नेली. तेवढ्यात पंधरा मिनिटं संपली आणि वेबसाईटनं त्यांना पुन्हा उठवलं.

दुसरा कुणी असता तर तो पुणे निवडून मोकळा झाला असता. पण बसलिंगाप्पांचा पणच मुळी कोल्हापुरातनं तिकीट काढायचा. त्यांनी वेबसाईटवर तक्रारीची जागा शोधली आणि कंपनीला कळवलं की तुमच्या यादीतनं एक शहर चुकून राहिलंय, अंबाबाईचं देऊळ जिथं आहे ते, तेवढं घालून घ्यावं. मिनिटाच्या आत उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, दोन दिवसांत आपल्याशी संपर्क साधू. बसलिंगाप्पा खूश झाले. हे उत्तर मशीन आपोआप पाठवतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या धंद्यात दोन दिवसांत सांगतो म्हणालेला माणूस दोन दिवसांत सांगायचा.

"माणसं बरी हायत," त्यांनी घरी येऊन सांगितलं. "शब्द दिलाय त्यांनी."

शांतव्वा आणि वीरेश यांनी एकमेकांकडं बघितलं आणि गप्प बसले. गप्प बसण्यात पुढचा सगळा घोळ होता, पण तो त्या वेळी कुणाला दिसायचा?

बुधवारी सकाळी बसलिंगाप्पांनी कोल्हापूर आलंय का बघायला वेबसाईट उघडली, तर खोलीच नव्हती. शिल्लक नाही, असं तांबड्या अक्षरात लिहिलेलं. ते तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं परत बघितलं तर एक खोली शिल्लक. त्यांनी झडप घातली, नावं भरली, तेवढ्यात यार्डातली आणखी दोन माणसं जहाज बघायला आली. चहा झाला. हकीकत झाली. वेळ संपली. परत बघितलं तर खोली गायब.

गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. खोली यायची, जायची, परत यायची. बसलिंगाप्पांची खात्री झाली की समोर कुणीतरी आहे.

"मुंबईचा असणार," गणपतराव म्हणाले.

"कुठला बी असू दे. लई चिवट हाय. आपण उठलो की बसतोय, आपण बसाय गेलो की दार लावून घेतोय." बसलिंगाप्पांनी गादी कॉम्प्युटरसमोर ओढून घेतली. "आता म्या बी उठत न्हाय."

आणि खरंच उठले नाहीत. सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत इंटरनेट चालू. फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांना नुसता टूंटूं आवाज ऐकू यायचा. यार्डात बातमी अशी पसरली की बसलिंगाप्पांनी धंदा सोडला आणि जहाज घेतलं. शनिवारपर्यंत दोन दिवसांचे चार झाले होते. कंपनीचा संपर्क नव्हता, कोल्हापूर यादीत नव्हतं आणि खोलीचा नेम नव्हता.

शनिवारी संध्याकाळी तिघं जेवायला बसले. बसलिंगाप्पा भाकरी मोडत त्या न बघितलेल्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होते.

"आज तर हद्द झाली. साडेअकराला खोली दिसली, म्या हात घालूस्तवर गेली. चारला परत तेच."

वीरेशचा घास थांबला. "साडेअकराला?"

"व्हय. का?"

"आप्पा, साडेअकराला मी बसलोतो की."

"कुठं बसलावतास?"

"शिरोलीत. दोस्ताच्या फौंड्रीत नेट फास्ट हाय. म्हटलं तुमचं काय जमंना झालंय, आपणच गुपचूप तिकीट काढून हातात द्यावं. बुधवारपासनं जातोय. नावं, जन्मतारखा भरतोय, आन् तुमच्या मतदार कार्डाचा नंबर मागतंय. कार्ड तुमच्या खिशात."

"मग फोन करायचा न्हाय?"

"रोज केला. दुकानाचा फोन एंगेज."

"एंगेजच असणार. खोली कुठं गेली बगत मी नेटवर बसलोतो."

वीरेशनं भाकरी ताटात ठेवली. शांतव्वा मात्र ताटाकडं बघत आमटीत बोट फिरवत होत्या.

"आन् चारला?" वीरेशनं विचारलं. "चारला मी न्हवतो."

"चारला आमचा क्लास असतोय," शांतव्वा म्हणाल्या.

महिला मंडळाच्या संगणकाच्या वर्गाला शांतव्वा गेले दोन महिने जात होत्या. घरात सगळ्यांना वाटायचं, बायका तिथं भिशी लावायला जमतात.

"तू बी?" बसलिंगाप्पांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मग काय करू? पुण्याहून आल्यापासनं तुमचं जेवणावर ध्यान न्हाय. बाई म्हणल्या, प्रॅक्टिस म्हणून हेच करा. सगळ्या बायका भवतीनं बसत्यात. नावं भरतो आम्ही. शहराला बेळगाव घालायचं ठरवलंय."

"बेळगाव?"

"माझं माहेर हाय. पण ते आधी जन्मतारीख मागतंय तुमची. म्या काय सांगू? सासूबाई म्हणायच्या, रंकाळा तलाव भरून सांडला त्या साली, बैलांच्या बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. त्यात बेंदूर घालाय जागाच न्हाय. इच्यारावं म्हणून फोन केला तर एंगेज."

चार दिवस एका घरातली तीन माणसं एका खोलीसाठी एकमेकांना बाहेर काढत होती आणि मुंबईच्या माणसाला शिव्या बसत होत्या. पहिल्यांदा शांतव्वा हसल्या. मग वीरेश. बसलिंगाप्पांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ठसका लागला आणि पाणी प्यावं लागलं.

"म्हणजे चिवट माणूस मुंबईचा न्हवता तर," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग कमी आणि अभिमान जास्त होता.

रविवारी सकाळी तिघं मिळून दुकानात गेले. कुणी दुसरीकडं बसायचं नाही असं ठरलं होतं. यार्डाला सुट्टी, तरी दुकान माणसांनी भरलेलं. आज चहा आधीच पाजून झाला होता. वीरेश कॉम्प्युटरपुढं, बसलिंगाप्पा त्याच्या खांद्याशी, शांतव्वा जरीकाठाचं नेसून खुर्चीत. खोली शिल्लक होती. वीरेशनं ती धरली. नावं झाली. जन्मतारीख बसलिंगाप्पांनी शाळेच्या दाखल्यावरची सांगितली. कार्डाचा नंबर झाला. सगळं सुरळीत, आणि मग शहर.

"आप्पा, पुणे घालतो," वीरेश म्हणाला.

"घालू नगं."

"नुसता रकाना हाय तो. कोण बगतंय?"

"म्या बगतोय की. हितं जल्मलो, हितं वाढलो, आन् पुण्याचा म्हणून जहाजात बसू व्हय?"

"मग बेळगाव घाला," शांतव्वा म्हणाल्या.

"घरजावई व्हायचं वय ऱ्हायलंय काय आता?"

मागून कुणीतरी दबकत सांगली सुचवली. त्याच्याकडं सगळ्यांनी असं बघितलं की तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. गणपतरावांनी आपल्या मोबाईलवरनं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपल्या जवळचं शहर निवडा." बसलिंगाप्पांनी फोन हातात घेतला. "बाई, जवळचं कशाला? शहरातच बसलोय न्हवं का?" ती म्हणाली, "सर, कोल्हापूर कुठल्या राज्यात येतं?" यानंतर बसलिंगाप्पांनी तिला जे सांगितलं त्यात पंचगंगा होती, कुस्ती होती, चप्पल होती, गूळ तर होताच, आणि ते सांगायला वेळ लागला.

"आप्पा, तीन मिनिटं ऱ्हायल्यात," वीरेश म्हणाला.

शांतव्वा खुर्चीतनं उठल्या. "अहो, मला जहाज बगायचं हाय," त्या म्हणाल्या. "क्लासात सगळ्यांना सांगून बसलोय आम्ही. यादीत असू न्हाय तर नसू, आपण हाय तितंच हाय की. कोल्हापूर काय पुसून जातंय व्हय?"

एवढ्या वर्षांत शांतव्वांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं बसलिंगाप्पांना आठवेना. त्यांनी फोन गणपतरावांच्या हातात दिला. जमलेल्या माणसांकडं न बघता, अगदी खालच्या आवाजात ते वीरेशला म्हणाले, "घाल पुणं."

वीरेशनं यादी उघडली, पुण्यावर बोट आणलं, आणि तुमची वेळ संपली आहे, अशी पाटी आली.

घाईघाईनं परत बघितलं तर खोली शिल्लक नाही. सगळे थांबून राहिले. तांबडी अक्षरं जागची हलेनात. तिघंही याच दुकानात होते, शिरोलीत कुणी नव्हतं, क्लासाला कुलूप होतं. म्हणजे या वेळी खोली खरोखरच गेली होती. माणसं एक-एक करून चपला शोधायला लागली.

तेवढ्यात वीरेशचा मोबाईल वाजला. प्रभुलिंग होते. बसलिंगाप्पांनी फोन कानाला लावला.

"व्याही, आनंदाची बातमी आहे," प्रभुलिंग म्हणाले. "तुमच्यासाठी खोली मिळाली. म्हटलं रविवार आला, यांचं काही जमलं नसणार. आमचा एजंट आठवडाभर नजर ठेवून होता, आता पाच मिनिटांपूर्वी त्यानं पकडली. त्याला फक्त तुमचे नंबर हवेत."

बसलिंगाप्पांनी डोळे मिटले. "व्हय व्हय," ते म्हणाले. "बरोबर हाय. लई उपकार झालं." शांतव्वांनी मान खाली घातली. नवऱ्याचा हा आवाज त्यांना माहीत होता आणि तो आज यार्डासमोर ऐकावा लागतोय याचं त्यांना फार वाईट वाटलं.

प्रभुलिंगांनी फोन एजंटाच्या हातात दिला.

"नमस्कार काका," पलीकडनं तरणा आवाज आला. "जन्मतारीख सांगताय न्हवं?"

बसलिंगाप्पांनी डोळे उघडले. 'न्हवं' हा शब्द पुण्याचा नव्हता.

"तुम्ही कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मी प्रसेनजीत. कागलचा की. वडील बिद्री कारखान्यात होते, दादासो."

"उसाच्या काट्यावर असायचे ते दादासो?"

"व्हय, त्येच."

कागल म्हणजे कोल्हापूरच्या शेजारचंच; बसलिंगाप्पांची पाठ ताठ झाली. चपला घातलेली माणसं थांबली. "आरं, मग आधी सांगायचं न्हाईस? खोली कशी गावली तुला?"

"काय सांगू काका. आठवडाभर झोंबतोय. कोणतरी दोन-तीन माणसं असावीत समोर, सोडायलाच तयार न्हाईत. एक उठला की दुसरा बसायचा. मी सायबांना म्हटलं, सायेब, ही मुंबई-पुण्याची माणसं न्हवंत. एवढी चिकाटी आमच्याकडंच असतीया."

"बरोबर ओळखलंस," बसलिंगाप्पा म्हणाले. "आन् शहर? शहर काय घातलंस?"

"आमच्या एजंटांच्या पानावर यादी नसती काका, हातानं लिहायचं असतंय. कोल्हापूर लिवलंय."

बसलिंगाप्पांनी फोनवर हात ठेवला आणि दुकानाला सांगितलं, "कोल्हापूर लिवलंय." गणपतरावांनी समोरच्या हॉटेलात परत चहा सांगितला. शांतव्वा पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या.

"आन् आमच्या व्याह्यांची तिकिटं कुणी काढली रं?" बसलिंगाप्पांनी विचारलं.

"मीच की. त्यांची सगळी तिकिटं मीच काढतोय. सायबांना कॉम्प्युटरचं जमत न्हाय."

"दे त्यास्नी फोन."

फोन प्रभुलिंगांकडं गेला. ते म्हणाले, "हं, झालं ना काम? मी म्हटलं नव्हतं, तुम्हाला तिथून जमायचं नाही म्हणून?"

"पावणं," बसलिंगाप्पा म्हणाले, आणि लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात व्याह्यांसाठी माया आणि थोडी कीव आली. "म्हटलंतं की तुम्ही. पण आता हितनं पुढं तुम्हाला कुठलं बी तिकीट लागलं तर अजाबात लाजायचं न्हाय. आमचा माणूस हाय तिथं. मी सांगून ठेवतो त्याला."

मग प्रभुलिंग म्हणाले, "बरोबर आहे."